शुआन राणीची वेणी

१

शुआन राणी दुपारची आडवी झाली तेव्हा तिचे केस कमरेखाली लोंबत होते. उठली तेव्हा ते जेमतेम खांद्याला टेकत होते, आणि उशीवर एक कात्री पडली होती.

किंकाळी फोडली ती बाओशौने. हा राणीचे केस विंचरणारा खोजा, हाडांचा सापळा नुसता. त्याच्या हातातलं तबक सुटलं आणि फण्या फरशीभर उधळल्या. राणीने मानेमागे हात नेऊन चाचपलं आणि हात पुन्हा मांडीवर ठेवला.

दिवे लागायच्या आत बातमी राजमातेकडे पोचली. तिच्या महालात साठीच्या सोहळ्याची तयारी चालली होती. लाल कंदील टांगले जात होते, लाल रेशमाचे ताग्यावर तागे उलगडले जात होते. आणि नेमकी अशा वेळी ही खबर.

बादशहाच्या मांचू घराण्यात बाई केसांना कात्री लावते ती नवरा गेल्यावर, नाहीतर सासू गेल्यावर. शुआन राणीचा नवरा म्हणजे साक्षात बादशहा, आणि सासू ही अशी समोर बसलेली. दोघं ठणठणीत असताना केस कापणं म्हणजे दोघांचं मरण चिंतणं. त्याला माफी नव्हती. राणीला तर नव्हतीच, तिच्या माहेरालाही नव्हती.

"सरळ आहे," मुख्य खोजा गेंग म्हणाला. "लेक गेली, बादशहा एकदाही फिरकले नाहीत. रागाच्या भरात चालवली कात्री. आजच निकाल लावून टाकू."

"सरळ गोष्टींचीच मला धास्ती वाटते, गेंग," राजमाता म्हणाली. "शांगला बोलवा."

शांग पोरवयात दासी म्हणून या तटबंदीच्या आत आली होती. पंचविशी भरली की दासींना घरी सोडतात, पण शांगला न्यायला कुणी आलं नाही. आता ती राजमातेच्या महालाची कारभारीण होती, आणि दासींपासून धाकट्या राण्यांपर्यंत सगळ्या तिला आत्या म्हणत.

"बादशहा उपासासाठी मंदिरात आहेत, उद्या दुपारी परततील," राजमाता तिला म्हणाली. "ते यायच्या आत मला नाव पाहिजे. तिने कापले असतील तर तिचं. दुसऱ्या कुणी कापले असतील तर त्याचं."

शांग आत्याने गेंगकडे पाहिलं. "कापलेले केस कुठे आहेत?"

"कुठे म्हणजे? कापले ना!"

"अहो, हातभर लांबीचे दाट केस. कापले, मग गेले कुठे? चिमण्यांनी नेले?"

गेंग झडतीचा पाढा वाचायला लागला. किंकाळी ऐकल्याबरोबर त्याने अंगणाचे दरवाजे लावून घेतले होते. खोल्या, पेट्या, राखेच्या शेगड्या, विहीरसुद्धा धुंडाळून झाली होती. कात्री सापडली होती. केस कुठेच नव्हते.

२

राणीची खोली उघडीबोडकी होती. दोन महिन्यांपूर्वी तिची तीन वर्षांची लेक देवीच्या साथीत गेली. तेव्हापासून तिने आनंदाच्या लाल रंगाची एकूण एक वस्तू बाहेर काढायला लावली होती. पडदे निळे, उशी निळी.

आत्याने उशी उचलून खिडकीशी नेली. न्हाव्याने नुसती शेंडी छाटली तरी अंगाखाली बारीक बारीक केस सांडतात. इथे उशीवर, चादरीवर एकही तुकडा नव्हता. कात्रीच्या सांध्यातही काही अडकलेलं नव्हतं. तिने उशी नाकाला लावली. कापूर.

"उशांना कापूर लावता का गं?" तिने दारातल्या दासीला विचारलं.

दासीचं नाव छिंगहे. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. "नाही आत्या. कापूर फक्त पेट्यांत. कसर लागू नये म्हणून."

राणी खिडकीपाशी पाठमोरी बसली होती. मोकळे केस खांद्यावर कसेबसे पसरले होते.

"राणीसाहेब, हे कुणी केलं?"

"केस माझे होते," राणी म्हणाली.

"म्हणजे तुम्हीच कापलेत?"

"मी एवढंच म्हटलं की माझे होते."

"राणीसाहेब, तुमच्या वडिलांचं डोकं पणाला लागलंय. तीन भावांचं लागलंय. तुम्ही नाही म्हणालात तर मला पाय टेकायला जागा तरी मिळेल."

राणी वळली. चेहरा शांत होता, फक्त ओठांचा रंग उडाला होता. "मी नाही म्हटलं तर तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी धरून न्याल, आत्या. कुणाला नेणार?"

निरपराध बाई 'मला वाचवा' म्हणते. अपराधी बाई 'मी नाही' म्हणते. ही दोन्ही म्हणत नव्हती. ही कुणाला तरी पाठीशी घालत होती.

३

छिंगहे दुपारभर बाहेरच्या दाराशी बसून होती.

"झोपली नव्हतीस ना?"

"देवाशपथ नाही, आत्या. वैद्यबुवांनी राणीसाहेबांना झोपेचा काढा दिलेला, म्हणून मी पाय न हलवता बसले होते. बाहेरचं कुणी फिरकलं नाही."

"बाहेरचं नाही. मग आतलं कोण फिरकलं?"

छिंगहे गोंधळली. "आतलं म्हणजे... यूबाई येऊन गेल्या. हूतोउला न्यायला. पण त्या काय, रोजच येतात. त्यांचं कुणी धरतं का?"

यूबाई ही याच अंगणात पलीकडच्या बाजूला राहणारी धाकटी राणी. हूतोउ हा शुआन राणीचा चार वर्षांचा मुलगा. आई काढा घेऊन झोपे तेव्हा यूबाई त्याला आपल्याकडे नेई.

"मुलगा आईपाशी झोपला होता?"

"हो. यूबाईंनी उचलून नेलं. जरा वेळ लागला त्यांना, पण पोर झोपेत जड होतं ना."

मग बाओशौ आला. उभं राहायलाही त्याला दाराची चौकट धरावी लागत होती.

"दुपारी राणीसाहेबांचे केस तू सोडलेस?"

"हो आत्या. मुकुटाची चौकट काढली, केस मोकळे केले. रोजच्यासारखे."

"अगदी मोकळे? वेणी नाही, गाठ नाही?"

"मोकळे," तो म्हणाला, आणि त्याने चौकट आणखी घट्ट धरली.

"तुला कशाची भीती वाटते रे, बाओशौ?"

"माझ्यासारख्याला कशाची वाटत नाही, ते विचारा."

उत्तर हजरजबाबी होतं, पण तो हसला नाही. सकाळ-संध्याकाळ राणीच्या केसांत हात घालणारा हा एकटा माणूस. गेंगच्या मनात दुसरं नाव त्याचंच होतं. राणी नाही तर खोजा, म्हणजे उद्या दुपारपर्यंत हिशेब मिटला. बाओशौलाही ते ठाऊक होतं, तरी तो खोटं बोलत होता. आपल्याच मानेवर सुरी येते हे दिसत असताना माणूस खोटं का बोलतो?

४

यूबाईने आत्याला हाताला धरून बसवलं, स्वतः चहा ओतला. गोल चेहरा, मऊ आवाज. शेजारच्या खोलीत हूतोउ लाकडी घोड्याशी बोलत होता.

"रडून घसा बसला माझा," ती म्हणाली. "ताईंना मी किती वेळा म्हटलं, दुःख गिळा, निदान चेहऱ्यावर तरी दाखवू नका. पण त्या हट्टी. आत्या, त्यांना काय शिक्षा होईल हो?"

"त्यांनीच कापले असं तुम्हाला वाटतं?"

"छे! मी असं कुठे म्हटलं? पण मग कोण कापणार? त्यांना कोण वैरी आहे इथे?" तिने बाहीने डोळे टिपले. "मला एकच काळजी आहे. या लेकराचं काय? आई नाही राहिली तर त्याला कुठल्या अनोळखी महालात टाकतील. मला तर त्याने आपणहून आई म्हणायला सुरुवात केलीय. मी रागावते हं त्याला त्याबद्दल."

"तुमच्याकडे राहिला तर?"

"माझ्यासारख्या धाकटीकडे कोण देणार राजपुत्र?" ती लगबगीने म्हणाली. "अर्थात, राजमातांनी मनात आणलं तर गोष्ट वेगळी. मग बादशहा माझा दर्जाही वाढवतील. वाढवावाच लागेल."

सगळं बोलणं कसं प्रेमाचं होतं, आणि तरी आत्याला वाटत होतं की आपण एखाद्या दुकानात बसलोय. तिने चहाची वाटी उचलली. यूबाई तिला आणखी चहा ओतायला वाकली, आणि चहाच्या वाफेतून आत्याच्या नाकाला तोच वास लागला.

कापूर.

पेट्या खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला होत्या. वास येत होता तो अगदी जवळून. आत्या यूबाईच्या डोक्याकडे बघत राहिली. यूबाईचे केस विरळ, ही बाब साऱ्या महालाला माहीत होती. त्यावरून दासी कुजबुजत, 'यूबाईंचा अंबाडा म्हणजे लसणाची पाकळी.' आज तो अंबाडा दोन्ही मुठींत मावला नसता.

"चहा चांगला आहे," आत्या म्हणाली आणि उठली.

५

सकाळी ती आधी गेली राणीकडे, आणि न विचारता तिने राणीचे केस हातात घेतले. टोकं निरखली. ती एका रेषेत नव्हती. कुठे बोटभर लांब, कुठे आखूड, आणि हा चढउतार तीन पेडांत सारखा येत होता.

तिने बाओशौला परसात बोलावलं. हातात तिने घट्ट विणलेली दोऱ्याची वेणी आणली होती. त्याच्यादेखत तिने ती मधोमध कापली, पेड सोडले, दोरे सरळ केले.

"बघ. वेणी कापली की टोकं अशी दातेरी होतात. मोकळे केस मुठीत धरून कापले तर अशी होत नाहीत. तू म्हणतोस दुपारी केस मोकळे होते. राणीसाहेबांची टोकं म्हणतात वेणी घातलेली होती. दोघांपैकी एक खोटं बोलतंय, आणि केसांना जीभ नाही."

बाओशौ खाली बसला.

"काल दुपारी त्या खोलीत काही कापलंच गेलं नाही," आत्या म्हणाली. "म्हणून तुकडे नाहीत, म्हणून केस सापडत नाहीत. वेणी आधीच गेली होती. तुला ठाऊक होतं, कारण रोज सकाळी खोटी वेणी तूच जोडत होतास. कापराच्या पेटीतून काढून. किती दिवस चाललंय?"

"राजकन्या गेली तेव्हापासून." तो कुजबुजला. "आत्या, ती पोर आईची वेणी मुठीत धरल्याशिवाय झोपायची नाही. तापातसुद्धा मूठ सोडली नाही तिने. शवपेटी न्यायला आले तेव्हा राणीसाहेब म्हणाल्या, मला तिच्याबरोबर जाता येत नाही, ती एकटी कशी झोपेल? आणि घातलेली वेणी तशीच कापली. छिंगहेने पोरीचे कपडे घालताना ती आत सरकवली. मी दाराशी उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी बाहेरून केस मिळवले आणि वेणी केली."

आत्याने कापलेली दोऱ्याची वेणी गुंडाळून बाहीत ठेवली.

"वेणीचं मूळ कशाने बांधलंस?"

"दोऱ्याने. लाल दोरा त्यांच्या महालात नव्हता, म्हणून पांढऱ्या."

६

यूबाई आरशासमोर बसली होती. आत्याने दासींना बाहेर घालवलं.

"यूबाई, केस सोडा."

"काय?"

"अंबाडा सोडा. नाहीतर मी राजमातांसमोर सोडायला लावेन. तुमच्या अंबाड्यात एक वेणी आहे, तिचं मूळ पांढऱ्या दोऱ्याने बांधलेलं आहे. राजमातांच्या साठीच्या महिन्यात डोक्यात शोकाचा पांढरा दोरा कुणी घालत नाही. तुम्हालाही तो बांधलेला दिसला असेल, पण अंगणाचे दरवाजे लागले होते, झडती दाराशी आली होती. सोडवायला सवड कुठली? झडतीत धाकट्या राणीच्याही अंबाड्यात हात घालायची कुणाची हिंमत होणार नाही, एवढं मात्र तुम्ही बरोबर ओळखलंत."

आरशातला गोल चेहरा हळूहळू निवळला. मऊपणा ओसरला, आणि खाली एक थकलेली, हुशार बाई दिसायला लागली.

"तिला धीर द्यायला मी मिठी मारली होती," यूबाई म्हणाली. "हाताला गाठ लागली. काल हूतोउला उचलताना मी एवढंच केलं. गाठ सोडली, कात्री ठेवली. मी काही कापलं नाही, आत्या. मी फक्त झाकण काढलं."

"तिची मान त्या झाकणाखाली होती."

"मग सांगा ना!" यूबाई गर्रकन वळली. "सांगा राजमातांना. वेणी काढा माझ्या डोक्यातून, दाखवा. पण खोटी वेणी दाखवलीत की विचारतील, खरी कुठे गेली? मग तीही मरेल, तुमचा तो खोजा मरेल, दासी मरेल. नाही सांगितलंत तर ती एकटी मरेल. हूतोउ दोन्ही वेळा पोरकाच. तुम्हीच ठरवा."

बाहेर नगारे वाजायला लागले. बादशहाची पालखी मंदिरातून निघाल्याची ती वर्दी होती.

७

राजमातेने सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. आत्याने वेणी तिच्यासमोर ठेवली आणि पोरीच्या मुठीपासून यूबाईच्या अंबाड्यापर्यंत सारं सांगितलं. दोन नावं तेवढी वगळली.

"शवपेटीत वेणी तिने स्वतः ठेवली?" राजमातेने विचारलं.

"हो."

"आणि खोटी वेणी रोज स्वतः जोडली? उभ्या जन्मात जिने स्वतःच्या पायात जोडा घातला नाही, तिने? पाठीमागे हात नेऊन?"

"दुःखात माणूस काय काय शिकतं, राजमाता."

राजमाता तिच्याकडे टक लावून बघत राहिली. आत्याच्या कानशिलावरून घाम ओघळला, तो तिने पुसला नाही.

"तू माझ्याशी खोटं बोलतेस, शांग."

"होय."

"पहिल्यांदाच?"

"पहिल्यांदाच पकडली गेले."

राजमातेचा ओठ किंचित हलला. मग ती खिडकीकडे वळली. "माझ्या पहिल्या मुलीची शवपेटी नेली तेव्हा मी तिची टोपी ठेवून घेतली होती. तेवढंसुद्धा सासूला कळू दिलं नव्हतं." ती थांबली. "बादशहाला मी सांगेन. शुआनला विषमज्वर झाला, केस गळायला लागले, वैद्यांनी उरलेले कापले. माझ्या हुकमाने. माझ्या हुकमाने कापलेले केस मला शाप कसे देतील? वैद्यबुवांना पुढे घाल. ते नाही म्हणणार नाहीत."

"आणि राणीसाहेब?"

"ती इथे राहिली तर दर महिन्याला कुणी ना कुणी तिची मान बघायला येईल. तिला पश्चिमेच्या बागेतल्या मठात पाठव. मुलगा इथे माझ्यापाशी."

"आईशिवाय?"

"आईशिवाय, पण आई जिवंत," राजमाता म्हणाली. "माझ्या हातात एवढंच आहे. यूला उत्तरेच्या बंद महालात टाक. कारण सांगू नकोस. तिला ठाऊक आहे."

८

बाओशौ आणि छिंगहे राणीबरोबर मठात गेले. हूतोउ राजमातेकडे आला आणि पहिल्या दिवसापासून त्याने सारं घर डोक्यावर घेतलं. जेवेना, झोपेना. आंघोळीला बसवलं की आभाळ फाटल्यासारखा ओरडे. आठवड्याभरात पोराची रया गेली. शेवटी आत्या पालखी करून मठात गेली.

राणीने डोक्याला साधं फडकं बांधलं होतं. सगळं ऐकून घेतल्यावर तिने एवढंच विचारलं, "यू कशी आहे? ती एकटीच माझ्यापाशी बसून रडली होती. हूतोउला तिच्याकडे का नाही दिलं?"

एवढ्या दिवसांत तिला कुणी सांगितलं नव्हतं. आत्याने सांगितलं. मिठी, गाठ, कात्री, काहीही मागे न ठेवता.

राणी ऐकत राहिली. मग तिने डोक्यावरचं फडकं घट्ट केलं.

"मुलगी आजारी होती तेव्हा मी रात्रंदिवस तिच्याजवळ होते," ती म्हणाली. "नंतर मी काढा पिऊन झोपत होते. हूतोउ कसा झोपतो, काय खातो, मला ठाऊक नाही, आत्या. तिलाच ठाऊक आहे. तिला जाऊन विचारा."

उत्तरेच्या महालाचं दार उघडायला दोन पहारेकरी लागले. आत यूबाई उघड्या खाटेवर बसली होती. तिचे विरळ केस पाठीवर मोकळे होते. हूतोउचं नाव निघताच ती उठून उभी राहिली.

"पाणी कोमट नको त्याला, चांगलं ऊन लागतं," ती भराभर सांगायला लागली. "डोक्यावरून ओतू नका, घाबरतो. आधी पाय भिजवा. भाताची पेज गार करून द्या, वर थोडी साखर. झोपताना डावा पाय पांघरुणाबाहेर राहू द्या. आत घातलात की रडतो." ती दमून थांबली. मग तिच्या डोळ्यांत संशय उतरला. "पण हे मला का विचारताय? त्याच्या आईला विचारा."

"तिनेच पाठवलंय," आत्या म्हणाली.

यूबाई खाटेची कड चाचपत खाली बसली.

"सगळं कळल्यावर?"

"सगळं कळल्यावर."